बारा वर्षांची

तिची माझी पहिली भेट झाली २०१३ सालच्या जानेवारीत, पुण्यात, विद्यापीठाच्या संगणक-प्रयोगशाळेत. जेवणानंतरचा तास. बाहेर थंडी, आत यंत्रांसाठी लावलेला ए.सी., त्यामुळे निम्मा वर्ग स्वेटरात हात घालून पेंगत होता. विषय होता 'बिझनेस फोरकास्टिंग', म्हणजे धंद्याचे अंदाज बांधण्याच्या रीती. सरांनी फाइल उघडली नाही की पेन ड्राइव्ह लावला नाही. 'एअरपॅसेंजर्स' एवढा एक शब्द टंकला, बोट आपटलं, आणि ती पडद्यावर हजर झाली. आर नावाच्या सॉफ्टवेअरच्या पोटातच तिचं बिऱ्हाड आहे. हाक मारली की येते, केव्हाही.

पहिल्यांदा दिसली ती नुसत्या आकड्यांत. बारा ओळी, बारा रकाने, शाळेच्या उजळणीतल्या पाढ्यांसारखी. सुरुवात ११२, शेवट ४३२. जानेवारी १९४९ ते डिसेंबर १९६०, दर महिन्याला आंतरराष्ट्रीय विमानप्रवास करणारी माणसं, हजारांत. एकूण १४४ महिने. मग सरांनी तिचा आलेख काढला आणि पेंगणारे जरा सावरून बसले. एखाद्या लहान मुलाला सह्याद्री काढायला सांगावं आणि त्यानं डावीकडून सुरू करून प्रत्येक डोंगर आधीच्यापेक्षा थोडा मोठा काढत न्यावा, तशी ती दिसत होती. डोंगर बारा. प्रत्येकाचा माथा जुलै-ऑगस्टात, प्रत्येकाच्या उजव्या अंगाला नोव्हेंबरची दरी. आणि माथ्यावर चढण्याआधी, मार्चच्या सुमारास, एक बारीकसा खांदा. त्या खांद्याकडे तेव्हा कुणी पाहिलं नाही. मी तर नाहीच नाही.

सर तिला 'एअरलाइन डेटा' म्हणत, पुस्तकात तिचं नाव होतं 'सिरीज जी', आणि आम्ही दुसऱ्याच आठवड्यात तिला 'विमानवाली' करून टाकलं. "विमानवालीचं सबमिशन झालं का?" "विमानवालीनं रात्री दोनपर्यंत जागवलं." वर्गात अशी जवळीक दुसऱ्या कुठल्याच आकडेवारीच्या वाट्याला आली नाही. बिअरचं उत्पादन, वीजवापर, सूर्यावरचे डाग, असे पुष्कळ जण हजेरी लावून गेले. ही मात्र घरचीच झाली.

घराणं तिचं मोठं. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट ब्राउन या अमेरिकी तज्ज्ञानं आपल्या पुस्तकात तिला जागा दिली. हा माणूस महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांच्या हालचालींची गणितं करत होता. शत्रूची पाणबुडी आता कुठं असेल याचा अंदाज करताना जुन्या नोंदींना कमी आणि ताज्या नोंदींना जास्त वजन द्यायचं, ही युक्ती त्यानं पुढं गोदामातल्या मालाला लावली. आज आम्ही पोरं जिला 'एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग' म्हणून घोकतो, तिची एक मुळी अशी समुद्राच्या तळाशी आहे. पण विमानवालीला खरं नाव मिळवून दिलं ते जॉर्ज बॉक्स आणि ग्विलिम जेन्किन्स या जोडीनं. एक विस्कॉन्सिनला, दुसरा इंग्लंडातल्या लँकेस्टरला. १९७० साली त्यांचा जाडजूड ग्रंथ आला. त्यात निरनिराळ्या मालिकांना ए, बी, सी अशी अक्षरं वाटली होती, जशी इस्पितळात खाटांना आकडे वाटतात. हिच्या वाट्याला जी आलं. बाकीच्यांची अक्षरं त्या पुस्तकातच राहिली. ही बाहेर पडली आणि जगभरच्या विद्यापीठांत शिरली.

स्वभाव? गुणी. आणि तरी एक खोड होती, आणि ती खोड होती म्हणूनच ती शिकवायला सोयीची होती. १९४९ साली तिचा सगळ्यात गर्दीचा महिना १४८ हजारांचा आणि सगळ्यात ओस महिना १०४ हजारांचा. फरक ४४. १९६० साली हेच आकडे ६२२ आणि ३९०. फरक २३२. म्हणजे जसजशी उंच झाली तसतशी उनाडही झाली. सरासरीभोवती ठरावीक माप वर, ठरावीक माप खाली असा हिशेब तिला लागू पडत नाही. तिचं सगळं पटीत चालतं. सर म्हणाले, "लॉग घ्या." लॉग घेतला आणि एकदम शहाण्या मुलीसारखी सरळ झाली, बारा डोंगर जवळपास एका मापाचे. ते पाहून मला झालेला आनंद अजून आठवतो. गणितात पास होण्यापलीकडचा आनंद असतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

आजारपणही एक आहे तिच्या नावावर. एरवी वर्षाला सरासरी तेरा-चौदा टक्क्यांनी वाढणारी ही पोर १९५८ मध्ये जेमतेम साडेतीन टक्क्यांनी वाढली. ऑगस्ट १९५७ ते एप्रिल १९५८ अमेरिकेत मंदी होती, तिची ही झळ. गोवर येऊन गेलेल्या मुलासारखी ती त्या वर्षी थोडी सुकलेली दिसते आणि पुढच्या वर्षी पुन्हा बाळसं धरते. त्याच १९५८ च्या ऑक्टोबरात अटलांटिकवर जेट विमानांनी प्रवासी न्यायला सुरुवात केली. आधी ब्रिटिशांचं कॉमेट, मग तीनच आठवड्यांनी पॅन अ‍ॅमचं बोइंग ७०७. प्रवास निम्म्या वेळात आला. हिच्या अंगावर मात्र त्याची काही खूण डोळ्यांना सापडत नाही. ती आपली नोव्हेंबरात उतरली, जुलैत चढली. जगात काय चाललंय याची दखल ती स्वतःच्या हिशेबानं घेते.

आता तो खेळ. जगात जिथं जिथं हा विषय शिकवतात तिथं तिथं तो खेळतात. तिचं शेवटचं वर्ष झाकायचं. १९४९ ते १९५९ मुलांपुढं ठेवायचं आणि विचारायचं, सांगा, १९६० मध्ये काय होईल? आमच्या सरांनी पडद्याचा उजवा भाग चक्क ए-फोर कागद चिकटवून झाकला होता. संगणकावर एका ओळीत होणारं काम, पण कागदाचा परिणाम वेगळा. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाटीवरचं उत्तर पालथ्या हातानं झाकायचे, तसं वाटलं.

मग एकेक रीत तिच्यासमोर येऊन उभी राहिली. पहिला आला भोळा सांब, 'सीझनल नाइव्ह'. त्याचं म्हणणं, मागच्या वर्षी या महिन्यात जे झालं तेच यंदा होईल. कागद उचलला. जुलैत त्याचे ५४८, खरे ६२२. वर्षभराची बेरीज केली तर ५ लाख ७४ हजार माणसं तिकीट हातात घेऊन धावपट्टीवर उभी, आणि ह्याच्या हिशेबात ती नाहीतच. पण ह्या भोळ्याला हसायचं नाही, सरांनी बजावलं. पुढं जी काही महागडी रीत तुम्ही वापराल, तिनं आधी ह्याला हरवून दाखवायचं. नाहीतर तिचं बिल भरायचं कशाला?

दुसरी आली बारा महिन्यांची सरकती सरासरी. ही म्हणजे तेल थापून, कंगवा दाबून, चापूनचोपून वेणी घालणारी आजी. विमानवालीचा एकही डोंगर, एकही दरी तिनं ठेवली नाही. गेल्या वर्षभराची सरासरी ४२८, तेव्हा पुढचा प्रत्येक महिना ४२८. कल समजून घ्यायला आजी बरी, पण जुलैत किती विमानं लागतील हे तिला विचारायचं नाही. मग होल्ट आणि विंटर्स. चार्ल्स होल्ट यांनी १९५७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयासाठी एक टिपण लिहिलं. ते रीतसर छापून यायला २००४ उजाडलं, तोवर पिढ्यानपिढ्या ते नुसतं ऐकून शिकल्या. पीटर विंटर्स यांनी १९६० मध्ये त्याला हंगामाची जोड दिली. पातळी, कल आणि हंगाम, अशा तीन नाड्या एकदम धरणारी ही वैद्यकी विमानवालीला बऱ्यापैकी मानवली.

शेवटी बॉक्स-जेन्किन्सची आरिमा. तिच्या व्हायवाला आमचे पाय लटपटत. आधी लॉग, मग प्रत्येक महिन्यातून मागच्या वर्षीचा तोच महिना वजा, मग उरलेल्यातून आदला महिना वजा. ह्या वजाबाक्यांत १३ महिने गिळले जातात, १४४ चे १३१ उरतात. आणि मग जे सापडतं ते इतकं थोडकं, की विश्वास बसत नाही. साधारण ०.४ आणि ०.६ अशा दोन आकड्यांत तिचा सगळा स्वभाव बसतो. या सूत्राला जगभर 'एअरलाइन मॉडेल' म्हणतात. सरकारी सांख्यिकी कार्यालयं बेकारीपासून किरकोळ विक्रीपर्यंतच्या आकड्यांना तेच लावतात. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं नाव बदलायची रीत, इथं नवऱ्यानं हिचं नाव लावलं.

इतकं सगळं गोड जमतं, तिथंच मला आता तिची तक्रार करायची आहे. ती पोरांना बिघडवते. तालमीतला मल्लखांब असतो ना, तशी ती. चढा, घसरा, लटका, उलटे व्हा, खांब उलटून डाव टाकत नाही. त्याला तेलही लावलेलं असतं. मल्लखांबावर तुम्ही कितीही सफाईनं फिरलात तरी कुस्ती माणसाशीच असते, हे आखाड्यात गेल्यावर कळतं. विमानवालीत एकही महिना गहाळ नाही. एकही आकडा कुणी अंदाजपंचे भरलेला नाही. शून्य तर कुठंच नाही. पहिली नोकरी लागली तेव्हा माझ्या टेबलावर यंत्रांच्या सुट्या भागांची विक्री आली. चार महिने शून्य, पाचव्या महिन्यात चाळीस, पुन्हा सात महिने शून्य. अशा तुरळक मागणीसाठी क्रॉस्टन नावाच्या माणसानं १९७२ मध्ये वेगळी रीत काढून ठेवली होती. आमच्या अभ्यासक्रमात ती शेवटच्या प्रकरणात होती, आणि शेवटचं प्रकरण परीक्षेला येत नसे.

पण आखाड्याची पहिली माती मी त्याच्या आधीच खाल्ली होती. त्याच सत्रात.

प्रकल्प असा होता की प्रत्येकानं एक खरी मालिका आणायची. कुणी पेट्रोलपंपाची आणली, कुणी मामाच्या पोल्ट्रीची. मी साताऱ्याच्या मावशीकडे गेले. मावशीचा भाजणीचा गृहउद्योग आहे. थालीपिठाची भाजणी, चकलीची भाजणी, मेतकूट, अनारशाचं पीठ. हिशेबाची वही अशी नाहीच. रोज किती किलो गेलं ते ती 'कालनिर्णय'च्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिते, दुधाच्या लिटरांशेजारी. जुनी कालनिर्णयं गुंडाळी करून माळ्यावर. २००७ ते २०१२, सहा गुंडाळ्या मी पुण्याला आणल्या आणि दोन रात्री जागून महिन्यांच्या बेरजा केल्या. ७२ महिने. विमानवालीच्या बरोबर निम्मी. फार अभिमान वाटला.

मग शिकल्याबरहुकूम शेवटचं वर्ष झाकलं आणि २०१२ चा अंदाज काढला. चकलीच्या भाजणीचा डोंगर सूत्रानं ऑक्टोबरात उभा केला आणि नोव्हेंबरात छोटी टेकडी ठेवली. कागद उचलला. ऑक्टोबर सपाट, नोव्हेंबरात कडा. अनारशाच्या पिठाचं तर विचारू नका. तिथं २००७ च्या मे-जूनमध्ये आणि २०१० च्या एप्रिल-मेमध्ये दोन सुळके होते. बाकी दिवाळी सोडली तर सपाटी. हे 'आउटलायर' आहेत, बहुधा मावशीची नोंद चुकली असेल, असं ठरवून मी ते सुळके कापले होते आणि तिथं सरासरी बसवली होती. २०१२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तिसरा सुळका माझ्या डोळ्यांत घुसला. सादरीकरणात सरांनी विचारलं, "सरासरी चूक किती टक्के?" मी आकडा सांगितला. वर्ग हसला. सर हसले नाहीत, ते जास्त लागलं.

रात्री मावशीला फोन केला.

"मावशी, अनारशाची नोंद चुकली होती का गं तुझी? मे महिन्यात एवढं पीठ कशाला जाईल?"

"अगं ठोंबे, धोंड्याचा महिना होता तो! जावयाला अनारसे नाही द्यायचे? तेहतीस द्यायचे तर पीठ नको?"

"आणि गेल्या वर्षी चकलीची भाजणी नोव्हेंबरात का गेली?"

"दिवाळीच नोव्हेंबरात होती तर ऑक्टोबरात चकल्या कोण करेल? अधिक भाद्रपद आला ना, सगळंच पुढं गेलं." मग थोडं थांबून, "विद्यापीठात पंचांग नाही वाटतं?"

मी कालनिर्णयाच्या गुंडाळ्या पुन्हा उघडल्या. मावशीची पेन्सिल ज्या चौकोनात होती त्याच चौकोनात तिथी छापलेली होती. एकाच कागदावर दोन काळ शेजारीशेजारी होते. मी इंग्रजी तारीख टंकली आणि तिथी सोडून दिली, कारण विमानवालीकडे तिथी नव्हती. तिनं मला बारा शिकवले होते. वर्ष म्हणजे बारा महिने, हंगाम म्हणजे बाराचं चक्र. मावशीचं चक्र कधी बारांचं, कधी तेरांचं. अधिक ज्येष्ठ २००७ ला, अधिक वैशाख २०१० ला, अधिक भाद्रपद २०१२ ला. सरासरी बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणारा पाहुणा, आणि मी त्याला नोंदीतली चूक समजून हाकलून दिला.

मला विमानवालीचा राग आला. परदेशी, लाडावलेली, तिला काय कळणार दिवाळीचं सरकणं! हे मी कँटीनमध्ये मोठ्यानं म्हटलं, आणि तिथंच माझी चूक झाली, कारण समोर आमचा वसईकर बसला होता. वसईचा ख्रिस्ती, घरी वाडवळी बोलणारा, वर्गात आमच्यापेक्षा शुद्ध मराठी लिहिणारा. चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, "तिच्यात ईस्टर आहे की."

"कुठे?"

"मार्च-एप्रिलमध्ये. दुसरं कुठे असणार?"

आम्ही तसेच लॅबमध्ये गेलो. त्यानं नुसतं १९५९ आणि १९६० समोरासमोर मांडलं. जानेवारी आदल्या वर्षापेक्षा ५७ नी जास्त. फेब्रुवारी ४९ नी जास्त. एप्रिल ६५ नी जास्त. आणि मधला मार्च? ४०६ वरून ४१९. फक्त १३ नी जास्त. धावत्या पोरीला मध्येच ठेच लागावी तसा. सगळ्या वर्गाच्या, वाढीचा कल धरून चालणाऱ्या रीती त्या मार्चवर उताण्या पडल्या होत्या, आरिमासुद्धा. प्रत्येकानं अहवालात 'अनियमित घटक' असं लिहून पान उलटलं होतं. त्यानं मोबाइलवर जुनी दिनदर्शिका काढली. १९५९ चा ईस्टर २९ मार्चला. १९६० चा १७ एप्रिलला. सुट्टीला निघालेली माणसं एका वर्षी मार्चात मोजली गेली, दुसऱ्या वर्षी एप्रिलात. सगळा भार ईस्टरवर टाकता येणार नाही, पण त्याचा हात त्यात होताच.

"ईस्टर असा सरकतो कशानं?" मी विचारलं. तोवर मला खरंच माहीत नव्हतं.

"२१ मार्चनंतरची पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार," तो म्हणाला. "आमची आजी उपासाचे चाळीस दिवस त्यावरूनच उलटे मोजते. तुमची अमावास्या, आमची पौर्णिमा."

चंद्र तिच्यातही होता, आणि जुलैच्या डोंगरापुढं कुणाला दिसला नव्हता. पहिल्या दिवशी कुणी न पाहिलेला तो मार्चचा बारीक खांदा, आठवतो? दर वर्षी तो थोडा कमीजास्त होतो, कधी मार्चकडे कलतो, कधी एप्रिलकडे. आम्ही बारानं भागत बसलो. अमेरिकेच्या जनगणना विभागाची एक्स-१३ नावाची प्रणाली आहे. तिच्या हाती विमानवाली दिली की ती आपण होऊन सांगते, या मालिकेत ईस्टर आहे, आठवड्यातल्या कामाच्या दिवसांचाही परिणाम आहे, आणि १९५१ चा मे महिना वेगळा पडलाय. तो मे सुमारे दहा टक्के चढा आहे. एप्रिल १६३, मे १७२, जेव्हा आदल्या दोन्ही वर्षी ती मेमध्ये उतरली होती. दोन वर्षांच्या पोरीनं एकदा कशासाठी तरी उडी मारली, एवढंच त्यातून समजतं.

प्रकल्प मी पुन्हा केला. दिवाळीचा रकाना घातला. लक्ष्मीपूजनाच्या आधीचे दहा दिवस कुठल्या महिन्यात किती पडले, ते मोजून. २००९ ला लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला, दहाही दिवस ऑक्टोबरात. २०१० ला ५ नोव्हेंबरला, तेव्हा सहा दिवस ऑक्टोबरात, चार नोव्हेंबरात. २०१२ ला १३ नोव्हेंबरला, दहाही दिवस नोव्हेंबरात. ही युक्ती माझी नाही. ईस्टरसाठी संख्याशास्त्रज्ञ असाच रकाना घालतात. मी फक्त सण बदलला. अनारशासाठी अधिक महिन्याचा रकाना घातला आणि कापलेले दोन्ही सुळके परत जागेवर बसवले. चूक निम्म्याहून खाली आली. अनारशाचा अंदाज तरीही डळमळीतच राहिला, कारण सहा वर्षांत अधिक महिने तीनच. तीन उदाहरणांवर कोण काय शिकणार? सरांनी जर्नलवर सही केली आणि शेऱ्यात लिहिलं, "कालनिर्णय परिशिष्टात जोडा." त्यांनी ते थट्टेनं लिहिलं की मनापासून, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. जोडलं मात्र.

त्यानंतर ती आणि मी अधूनमधून भेटत राहिलो. नवीन सॉफ्टवेअर आलं, तपासायचंय, हाक मारा विमानवालीला. नवीन पोरगा टीममध्ये आला, त्याला काय येतं बघायचंय, विमानवाली द्या. २०२० च्या एप्रिलात घरी बसून काम चाललं होतं तेव्हाही एका संध्याकाळी मी तिला हाक मारली, काही कारण नव्हतं. २५ मार्चपासून देशातली नियमित प्रवासी उड्डाणं बंद होती, ती २५ मेला सुरू झाली. ऑफिसमध्ये सगळ्या अंदाजांचं भजं झालं होतं. आमच्या गटातला एक जण विमानकंपन्यांना खाद्यपदार्थ पुरवणाऱ्यांसाठी अंदाज काढायचा. तो फोनवर म्हणाला, "मॅडम, प्रोग्रॅम एरर देतोय." देणारच. महिन्याचा आकडा शून्य झाला होता आणि शून्याचा लॉग घेता येत नाही. माझ्या पडद्यावर विमानवाली तशीच होती. ११२ पासून ४३२ पर्यंत, बारा डोंगर, एकही महिना गहाळ नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि ही जुलैकडे चढत होती. तिचं वय वाढत नाही याचा त्या दिवशी मला हेवा वाटला, आणि थोडी चीडही आली.

बाराव्या वर्षी ती थांबली. पण तिला तेरावं वर्ष मिळालं नाही असंही म्हणता येत नाही. १९६० चा खेळ झाला की दुसरा गृहपाठ तोच असतो, आता सगळे १४४ महिने घ्या आणि १९६१ सांगा. इथं कागद उचलून दाखवता येत नाही. मार्क कशावर देतात म्हणाल, तर रीत नीट लिहिली आहे का, एवढ्यावर. तेव्हा तिची तेरावी वर्षं वह्यांमधून, जर्नलांमधून, प्रश्नपत्रिकांच्या उत्तरांतून विखुरलेली आहेत. आमच्या वर्गाच्या जुलै १९६१ चे छत्तीस आकडे मी हौसेनं उतरवून घेतले होते. ती वही अजून आहे. सगळ्यात छोटा ६२२, तो भोळ्या सांबाच्या एका आळशी भक्ताचा. बहुतेकांचा सातशेच्या अलीकडेपलीकडे. सगळ्यात मोठा ७४१, तो माझा.

वसईकरानं जुलैची फिकीर केलीच नव्हती. १९६१ मध्ये ईस्टर २ एप्रिलला होता, म्हणजे गुड फ्रायडे ३१ मार्चला. त्यानं आपला मार्च थोडा चढवला होता, एप्रिल थोडा उतरवला होता, आणि शेजारी हिरव्या शाईनं एक छोटा क्रूस काढला होता.